वेगाच्या देवाचा नैवेद्य

आमच्या शाळेत वर्षाकाठी दोन-तीन चित्रपट मुलांना दाखवण्याची प्रथा आहे. ते निवडण्याचे काम, मी कादंबऱ्या लिहितो एवढ्या एकाच अपराधापायी, माझ्या गळ्यात पडलेले आहे. गेल्या वर्षी सहामाही परीक्षा संपल्यावर मी फळ्यावर चित्रपटाचे नाव लिहिले : 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन'. नववीतला एक मुलगा ताडकन उभा राहिला. म्हणाला, "सर, जगातला सर्वांत वेगवान भारतीय म्हणजे मिल्खासिंग ना?"

मला हसू आवरेना. इथे 'इंडियन' हे माणसाचे नाव नव्हे, फटफटीचे आहे, हे समजावून सांगावे लागले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी या नावाच्या मोटारसायकली तयार होत असत. कोलंबसाने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना इंडियन म्हणून भूगोलाची जी चूक केली, ती अशी पुढे एका पेट्रोलच्या टाकीवर जाऊन बसली! आणि चित्रपटातला तो स्वार? तो न्यूझीलंडचा, तोही साठी उलटलेला म्हातारा. एवढे ऐकल्यावर वर्ग हिरमुसला. पण चित्रपट सुरू झाला आणि अर्ध्या तासात तोच वर्ग बाके वाजवू लागला.

या चित्रपटाविषयी लिहावे असे तेव्हापासून मनात होते. मी काही पदवीधर समीक्षक नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि चित्रपटाच्या तंत्रातले मला फारसे कळत नाही. तरी लिहायला बसलो, याला कारण आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलेला एक प्रश्न. चित्रपट लावण्यापूर्वी त्यांनी मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "गुरुजी, मोटारसायकलीच्या शर्यतीचे चित्र मुलांना दाखवायचे? आपल्या त्या पोराला विसरलात काय?"

मी विसरलो नव्हतो. आमचे धुळे म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन हमरस्त्यांचा चौक. माझ्या वर्गातून बाहेर पडलेला एक मुलगा चार वर्षांपूर्वी यातल्याच एका रस्त्यावर, मित्राशी पैज लावून नवी कोरी गाडी पळवताना गेला. त्याची हजेरी मी तीन वर्षे घेतली होती. तेव्हा मुख्याध्यापकांचा प्रश्न खोटा नव्हता. वेगाच्या प्रेमाचे कौतुक शिक्षकाने करावे काय? पुढचे सारे लेखन म्हणजे या प्रश्नाला मी शोधलेले उत्तर आहे. ते पटले नाही तर वाचकांनी खुशाल सोडून द्यावे.

प्रथम चित्रपटाविषयी. रॉजर डोनल्डसन यांनी तो २००५ साली काढला, आणि त्यात बर्ट मन्रोची भूमिका अँथनी हॉपकिन्स या थोर नटाने केली. मन्रो हा कल्पित पुरुष नव्हे. १८९९ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकारगिल गावाच्या परिसरात तो जन्मला. १९२० साली, ऐन एकविशीत, त्याने एक 'इंडियन स्काउट' मोटारसायकल विकत घेतली. कारखान्यातून आली तेव्हा ती ताशी पंचावन्न मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर धावत असे. आपल्या रस्त्यांवरून दूध घालायला जाणारी मुलेही आज तेवढ्या वेगाने जातात. मन्रोने ही गाडी कधी बदलली नाही. तो तिलाच दुरुस्त करीत राहिला आणि एकेक तुकडा करून तिला नवी करीत राहिला. जुन्या डब्यांत धातू ओतून पिस्टन घरीच घडवले. ट्रॅक्टरच्या आसाचे लोखंड कापून कनेक्टिंग रॉड केले. सूक्ष्म मापे घ्यायला उपकरण नव्हते, तर चाकाची एक जुनी तार घेऊन तिच्यावर काम भागवले. आणि २६ ऑगस्ट १९६७ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर त्याने सत्तेचाळीस वर्षांच्या त्याच फटफटीवर ताशी १८४ मैलांचा, म्हणजे जवळजवळ २९६ किलोमीटरचा विक्रम केला. हा वेग टिकला तर धुळ्याहून नाशिक जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर येईल!

एवढी मोठी गोष्ट हाती असताना दिग्दर्शक चित्रपटाची सुरुवात करतो ती एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे म्हातारा राहतो, तिथेच झोपतो, आणि भल्या पहाटे इंजिन तापवून शेजाऱ्यांची झोप मोडतो. स्वयंपाकघरातल्या सुरीने तो टायरवरची नक्षी तासून काढतो. शेजारचा लहान मुलगा त्याचा एकुलता एक शिष्य. आणि भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर आजवर फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड, जळालेले भाग ओळीने मांडून ठेवलेले आहेत आणि वर लिहिले आहे, वेगाच्या देवाला अर्पण. ही फळी खऱ्या मन्रोच्या शेडमध्येही होती. याच डोनल्डसन यांनी १९७१ साली खऱ्या मन्रोवर जो माहितीपट केला, त्याला नावही या फळीवरूनच दिले होते.

मला विचाराल तर सबंध चित्रपटाचा प्राण या फळीत आहे. ज्या देशात खंडेनवमी नाही, त्या देशातल्या एका माणसाने आपल्यापुरती ती निर्माण केली. आपण दसऱ्याला हत्यारांना झेंडू वाहतो, नांगराला हळदकुंकू लावतो, एस. टी. च्या गाडीलाही हार घालतो. पण मन्रोचा नैवेद्य आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे. आपण चालत्या यंत्राची पूजा करतो, त्याने मोडलेल्या भागांची मांडली. अपयशाला देवघरात जागा देणारा माणूस साधा नव्हे. आणि ज्या दिग्दर्शकाला ही फळी दाखवावीशी वाटली, त्याला आपला नायक नीट कळला होता यात शंका नाही.

हॉपकिन्सविषयी काय लिहावे? त्याने हा म्हातारा मुळीच मोठा केलेला नाही. तो कानाने थोडा जड, खर्चाला चिकट, पाहुणा म्हणून गेला तरी आपल्याच लिंबाच्या झाडाच्या गोष्टी सांगणारा, असाच राहतो. आपल्या प्रत्येक गल्लीत असा एक म्हातारा असतो आणि त्याच्या पाठीमागे लोक हसत असतात. चित्रपट संपेपर्यंत आपण त्याला हसायचे थांबलेले असतो. हे नटाचे यश.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष असा की चित्रपटाने सत्याची बरीच काटछाट केली आहे. मन्रो बॉनव्हिलला एकदाच नव्हे, अनेक वर्षे गेला. चित्रपटाने त्या साऱ्या वाऱ्यांची एक वारी केली. कलेला एवढी सूट द्यावी लागते. पण प्रत्यक्षातला मन्रो संसारी माणूस होता, चार मुलांचा बाप होता. ते घर चित्रपटात दिसतच नाही. ज्या माणसाने रात्रंदिवस शेडमध्ये घालवले, त्याच्या घरच्यांनी त्या हौसेची किंमत कशी मोजली असेल? हौशी माणसाच्या घरात हा प्रश्न रोज जेवायला बसतो. तो टाळल्यामुळे म्हातारा अधिक गोंडस झाला, पण थोडा हलकाही झाला.

आणि गंमत अशी की, मन्रोच्या आयुष्यातला सर्वांत हृद्य प्रसंग त्या टाळलेल्या घरातच, चित्रपटानंतर नऊ वर्षांनी घडला. १९६७ चा विक्रम अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने ताशी १८३.५८६ मैल असा नोंदला होता. मन्रो १९७८ साली वारला. त्याचा मुलगा जॉन याच्या पुढे लक्षात आले की त्या वेळी आकडेमोडीत चूक झाली आहे. आणि २०१४ साली, बाप जाऊन छत्तीस वर्षे झाल्यावर, संघटनेने आकडा सुधारून १८४.०८७ केला. अर्ध्या मैलाचा काय तो फरक! पण मी गणिताचेही तास घेतो. उत्तरपत्रिका परत तपासून घेणारा बाप मी पुष्कळदा पाहिला आहे. बापाची उत्तरपत्रिका परत तपासून घेणारा मुलगा हा एकच.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा, आणि माझ्या लेखाचा विषय तोच आहे. या चित्रपटात खलनायक नाही. मन्रोला वाटेत जो भेटतो तो मदत करतो. गावातली दांडगी पोरे किनाऱ्यावरच्या शर्यतीत त्याला हरवतात आणि पुढे तीच पोरे प्रवासाला पैसे आणून देतात. अमेरिकेत जुन्या गाड्या विकणारा त्याला वर्कशॉप देतो. मैदानावर नाव नोंदवायला तो विसरलेला असतो. त्याच्या गाडीला धड ब्रेक नाहीत, सुरक्षेची छत्री नाही, टायरच्या भेगा त्याने बुटाच्या काळ्या पॉलिशने बुजवलेल्या. तरी तिथले स्पर्धक अधिकाऱ्यांशी भांडून त्याला धावण्याची परवानगी मिळवून देतात. पाहणाऱ्याला वाटते, काय गोड म्हातारा आहे, म्हणून सगळे त्याच्यावर लोभ करतात. चित्रपट आपल्याला हेच कारण देतो. ते कारण अपुरे आहे. हा लोभ म्हाताऱ्यावरचा नाही, त्याच्या फटफटीवरचा आहे. तो कसा, हे समजून घ्यायचे तर दुसऱ्या एका चित्रपटाकडे जावे लागेल.

तो चित्रपट ब्रूस ब्राउन यांचा. 'ऑन एनी संडे', म्हणजे 'कुठल्याही रविवारी'. हा १९७१ सालचा माहितीपट. ऑस्करसाठी त्याची शिफारस झाली होती. यात कथानक नाही. मातीतल्या मोटारसायकल-शर्यती आणि त्यात उतरणारी माणसे, एवढाच विषय. नट स्टीव्ह मॅक्वीन त्या काळी जगभर गाजत होता. या शर्यतींत तो 'हार्वे मशमन' असे भलतेच नाव घेऊन उतरे. का? कारण मातीत त्याला नट म्हणून उतरायचे नव्हते. एल्सिनोर गावच्या शर्यतीत शेकडो स्वार एकदम सुटतात, गावातल्या रस्त्यांतून आणि बाहेरच्या माळावरून धुळीचा लोट उठवीत जातात, त्यांच्यात हा एक. मर्ट लॉविल हा १९६९ चा राष्ट्रीय विजेता. त्याच्या गाडीवर एक नंबरची पाटी होती. १९७० च्या सबंध हंगामात ती टिकवायला तो गावोगाव फिरतो, गाडी पुन्हा पुन्हा दगा देते, आणि शेवटी ती पाटी जाते. तिसरा माल्कम स्मिथ, हसतमुख, वाटेल त्या उतारावरून घसरत येणारा. चित्रपटाच्या शेवटी हे तिघे समुद्रकाठच्या वाळूत आपापल्या गाड्या घेऊन नुसते हुंदडतात. तिथे निशाण नाही, घड्याळ नाही, पहिला-दुसरा नाही. सुटीच्या दिवशी मुले नदीवर जातात तसे तिघे जातात.

या चित्रपटालाही दोष आहेत. निवेदक फार बोलतो. पडण्या-झडण्याचा विनोद करतो; मोडलेल्या हाडांची वेदना त्यात हरवते. बायका आहेत त्या टाळ्या वाजवायला. पण एक गोष्ट ब्राउनच्या कॅमेऱ्याने अचूक टिपली आहे. ती म्हणजे माती.

डांबरी रस्त्यावर चाक चिकटून चालते. मातीत ते निसटते. वळणावर मागचे चाक बाहेर पळू लागते. स्वाराला हँडल उलट्या दिशेला वळवून आणि डावा पाय जमिनीवर घासत गाडी सावरावी लागते. म्हणून अशा शर्यतीतले स्वार डाव्या बुटाखाली पोलादी तळ बांधतात. गाडी पूर्ण काबूत आहे असा क्षण मातीत येतच नाही. इथे प्रत्येकजण पडतो. कालचा विजेता पडतो, आजचा नवशिका पडतो. सगळ्यांच्या अंगाला एकच माती लागते. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात उतरताना पैलवान मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला लावतो, त्यातला अर्थ हाच नव्हे काय? मातीतला प्रतिस्पर्धी परका राहत नाही. मी असे म्हणत नाही की मातीत धोका नाही. मातीतही हाडे मोडतात, जीवही जातात. पण तिथे समोरून ट्रक येत नाही, रस्ता ओलांडणारी म्हातारी येत नाही. तिथे जो येतो तो जाणूनबुजून आलेला असतो.

आणि गाड्या जुन्या झाल्या की या स्नेहात आणखी एक गोष्ट मिसळते. 'ऑन एनी संडे'त ज्या गाड्या नव्या कोऱ्या होत्या, त्यांना आज अर्धशतक उलटून गेले. १९८६ साली अमेरिकेत जुन्या मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी वेगळी संघटना निघाली; त्या जुन्या गाड्या आजही मातीत धावतात. मन्रोच्या इन्व्हरकारगिल गावी २००६ पासून त्याच्या नावाने शर्यतींचा मेळा भरू लागला. ज्या ओरेटी किनाऱ्यावर मन्रोने १९५७ साली ताशी १३१ मैलांचा विक्रम केला, त्या वाळूतही त्यात शर्यत होते. जुन्या गाडीच्या शर्यतीत उतरणाऱ्याची अडचण अशी की त्याच्या गाडीचा कारखाना बंद झालेला असतो. गॅस्केट फाटले, रिंग तुटली, तर दुकानात मिळत नाही. मग ती कुणाकडे असते? ज्याच्याकडे तीच गाडी आहे त्याच्याकडे. म्हणजे ज्याला हरवायचे आहे त्याच्याकडेच! तुमचा प्रतिस्पर्धी हेच तुमचे सुट्या भागांचे एकमेव दुकान. त्याची गाडी बंद पडावी असे तुम्हाला वाटूच शकत नाही, कारण ती बंद पडली तर तशी गाडी जगात एकाने कमी होते. जुन्या फटफटीवाल्यांचा भाईचारा हा काही साधुसंतांचा गुण नव्हे. तो जुन्या यंत्राच्या गरजेतून उगवलेला आहे, आणि म्हणूनच टिकाऊ आहे. डोनल्डसन यांच्या चित्रपटाने हा स्नेह दाखवला, पण त्याचे मूळ दाखवले नाही, ही माझी तक्रार आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. हे मला पांझरेच्या पात्रात कळले.

माझ्या मामांकडे येझदी होती. जुन्या वाचकांना ही गाडी आठवत असेल. चेकोस्लोव्हाकियाच्या 'जावा' गाडीची ही म्हैसुरातली लेक. १९६० च्या सुमारास तिथे 'आयडियल जावा' हा कारखाना इराणी कुटुंबाने उभा केला. १९७३ पासून गाडीला 'येझदी' नाव मिळाले, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचे दोन स्ट्रोकचे इंजिन, पेट्रोलात ऑइल मिसळून घालायचे, मागे दोन नळकांडी, आणि निळ्या धुराची लांब शेपूट. तिची सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे किक आणि गिअर यांना एकच दांडा. किक मारली की तोच दांडा पुढे वळवून गिअर करायचा. माझ्या मामांच्या तीन दोस्तांपैकी दोघांकडे 'राजदूत' होत्या. ही मूळ पोलंडची चाल, आपल्याकडे एस्कॉर्ट्सने बनवलेली. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटानंतर तिच्या धाकट्या बहिणीला तरुणांत फार मान आला होता. चौथ्याकडे बुलेट. तिचा कारखाना १९५५ पासून मद्रासला.

मी लहान होतो तेव्हा उन्हाळ्यात पांझरेचे पात्र कोरडे पडले की हे चौघे रविवारी सकाळी गावाबाहेर तिथे जात. एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत वाळूतून जायचे, वळसा घालून परत यायचे. बक्षीस उसाच्या रसाचा मोठा पेला. आम्ही पोरे टेकाडावर बसून ओरडायचो. एकदा असे झाले की वळशावर मामांची येझदी बंद पडली. राजदूतवाले काका पुढे निघून गेले होते. त्यांनी मागे पाहिले, गाडी फिरवली, परत आले. मामांच्या गाडीचा प्लग काळा पडला होता. काकांनी खिशातून आपला जादा प्लग काढून दिला, पान्हाही दिला, आणि दोघे पुन्हा एकदमच सुटले. मामा चार हात पुढे पोचले.

मग वाद सुरू झाला. मामा म्हणत, मी जिंकलो. काका म्हणत, माझ्या प्लगने जिंकलास, म्हणजे मी जिंकलो. पेला कुणी प्यायचा हे त्या दिवशी ठरले नाही. रस शेवटी आम्ही पोरांनी प्यायला. पुढे जवळजवळ तीस वर्षे, लग्नात, तेराव्याला, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही भेटले की दोघे तोच वाद घालीत. मामा अंथरुणाला खिळले तेव्हाही काका उशाशी बसून म्हणाले, "माझा प्लग दे परत." मामा हसले. त्यांचे ते शेवटचे हसू मला आठवते.

मामा गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याने भाव वाढवला, आणि घराला पैशांची गरजही होती. मामी दारात उभ्या राहून आमच्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, "इकानी नई शे, भाऊ." मन्रोच्या चित्रपटातून जे घर गाळले आहे, ते मला इथे दिसले. तारुण्यात मामींनी या गाडीचा राग राग केला होता. रविवार तिने खाल्ला, पगार तिने खाल्ला, असे त्या म्हणत. आणि ती विकू दिली नाही तीही त्यांनीच.

आपल्या साहित्यात हे जग कुठे आहे, असा प्रश्न मला कादंबरीकार म्हणून पडतो. आपली कथा बैलावर लिहिते, घोड्यावर लिहिते, आणि छान लिहिते. आमच्या खानदेशाच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत जाते आणि मोट घरच्या माणसांसारखी बोलतात. पण यंत्र आले की आपला लेखक सावध होतो. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्र आले ते बहुधा माणसाला भरडणारे. ते खोटे नव्हते. गिरणीच्या शहरात तसेच होते. पण गावातल्या मिस्त्रीने ज्या यंत्राला हातांनी उघडले, पुसले, पुन्हा बांधले, ते यंत्र त्याला भरडत नाही. ते त्याच्या बैलाच्या जागी आलेले असते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात पाहणारा माणूस आणि जुन्या इंजिनाला कान लावून बसलेला मिस्त्री यांच्यात मला फरक दिसत नाही. मराठीत त्या मिस्त्रीची कादंबरी अजून यायची आहे. हा ठपका मी पहिल्यांदा स्वतःवर ठेवतो.

शर्यतींचे म्हणाल तर महाराष्ट्राला हे वेड परके नाही. नाशिक आणि पुण्याच्या बाजूला मातीतल्या शर्यती झालेल्या आहेत. मुंबईकडे भर पावसात चिखलातून स्कूटरी पळवण्याची रॅली हौशी लोकांनी वर्षानुवर्षे चालवली. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची व्यावसायिक लीग भरली : परदेशी स्वार, नव्या गाड्या, प्रायोजकांच्या पाट्या, दिव्यांचा झगमगाट. त्यातले कौशल्य मी नाकारीत नाही. पण तिथे प्लग परत आणून देणारा काका असण्याचे कारण नाही. प्रत्येक चमूची स्वतःची पेटी भरलेली असते. दुसरीकडे, २०१८ साली जावाचे नाव एका मोठ्या उद्योगसमूहाने पुन्हा बाजारात आणले. रूप जुने, पोट नवे. आठवणीचाही व्यापार होतो, त्याला इलाज नाही. मात्र दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जुन्या जावा-येझदीवाले गावोगाव एकत्र जमतात, ते कुणी विकायला काढलेले नाही. 'कुठल्याही रविवारी' हे ब्राउनचे नाव मला त्या दिवशी आठवते.

आपल्या भाषेत 'हौशी' हा शब्द पूर्वी मानाचा होता. राज्य नाट्यस्पर्धा हौशी मंडळींची. कचेरी सुटल्यावर तालमीला जाणाऱ्यांनी मराठी रंगभूमी जगवली. मग हौस म्हणजे रिकामटेकडेपणा असा अर्थ तिला कधी चिकटला कोण जाणे! बर्ट मन्रो हा हौशी माणूस होता. त्याला कुणी पगार दिला नाही. आणि सत्तेचाळीस वर्षे जे काम पगारावर टिकले नसते, ते हौसेवर टिकले.

आता मुख्याध्यापकांचा प्रश्न. चित्रपट संपल्यावर मी वर्गात एवढेच बोललो. आपला जो मित्र गेला, त्याची गाडी तीन महिन्यांची होती. तिचा एक नटही त्याने कधी सोडलेला नव्हता. ब्रेकच्या पट्ट्या कुठे असतात हे त्याला ठाऊक नव्हते. तिचा वेग त्याने मिळवलेला नव्हता, दुकानातून आयता आणलेला होता. मन्रोने ८८ पासून २९६ पर्यंत जायला सत्तेचाळीस वर्षे घेतली. प्रत्येक किलोमीटरमागे काय फुटते हे त्याच्या फळीवर मांडलेले होते. आणि एवढे करूनही तो पडला, भाजला, हेही तुम्ही पाहिलेत. वेग ज्याला हवा, त्याने आधी पान्हा हातात घ्यावा, आणि पळवायचेच तर रस्ता सोडून मातीत जावे, चार जाणत्या माणसांदेखत. एवढ्याने अपघात टळतील असे मी म्हणत नाही. मास्तरच्या एका भाषणाने काही टळत नाही. पण वेगाविषयी मुलांशी बोलायचेच नाही, हा उपाय आम्ही त्या पोराच्या वेळी करून पाहिला होता.

मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, "तो दुसरा चित्रपट, वाळूतला, तो केव्हा दाखवता?"

यंदाच्या दसऱ्याला मामांच्या दोस्तांपैकी दोघे राहिले होते, ते आले. राजदूतवाल्या काकांनी मालेगावच्या जुन्या बाजारातून येझदीच्या रिंगा शोधून आणल्या होत्या. कागदात बांधून, साखरपुड्याचा नारळ आणावा तशा. दोन तास खटपट झाली. काकांच्या गुडघ्यात आता किक मारण्याइतका जोर नाही, म्हणून मिल्खासिंगवाल्या त्या मुलाला बोलावले. आठव्या किकेला गाडी लागली. अंगण निळ्या धुराने भरून गेले, मामी खोकत खोकत पदराने डोळे पुसू लागल्या, आणि ते पोर गोंधळून विचारू लागले, "सर, हिचा गिअर कुठाय?"

"तुझ्या पायाखालीच आहे," काका म्हणाले. मग त्यांनी जुन्या गाडीचा निघालेला काळा प्लग रुमालाने पुसला आणि मामांच्या तसबिरीसमोर, झेंडूच्या फुलांशेजारी ठेवला.

दिवाळीच्या सुटीत घरात सारे जमतील. फराळाची ताटे झाली की हे दोन्ही चित्रपट मुलाबाळांसह अवश्य पाहावेत. आधी 'कुठल्याही रविवारी' पाहावा, मग म्हाताऱ्याचा. या क्रमाने पाहिले म्हणजे त्या म्हाताऱ्याला सगळे का मदत करतात, हे मुलांना विचारावे लागणार नाही. आणि परसात एखादी जुनी फटफटी पत्र्याखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी, तिचे सुटे भाग गावात आणखी कुणाकडे आहेत याची एकदा चौकशी करावी.